कोणत्या मालकाचा हिशेब?

दिवाळी झाल्यावर सुलतानपूरला बायांची बैठक होती. बचत गटाचे हप्ते गोळा झाले, सह्या-अंगठे झाले, चहा झाला. बाया उठायच्या बेतात असताना मागच्या रांगेतून एकीने विचारले, “ताई, आमचे मालक लाइनवर जातो म्हणतेत. दोन वर्षं जातो, चार पैसे मागं टाकतो, म्हणतेत. जाऊ द्यावं का नाही?”

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात शिकलेले उत्तर मी दिले : दोघांनी बसून ठरवा. ती हसली. म्हणाली, “त्यायचं ठरलं हाये, ताई. मी काय करू ते सांगा.”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. आपल्या शिबिरांत आपण हुंडा, मारहाण, पोटगी, जमिनीचा हक्क या विषयांवर बोलतो. नवरा दारू पितो, मारतो, टाकून देतो, तेव्हा काय करायचे ते आपल्याला माहीत असते. पण नवरा घरासाठीच, पैसे साठवण्यासाठीच दूर जातो तेव्हा बाईने काय करायचे, यावर आपण फारसे बोललेलो नाही. त्या बैठकीनंतर काही महिने आम्ही सुलतानपुरात आणि आजूबाजूच्या गावांत ड्रायव्हरांच्या बायकांशी बोलत राहिलो. त्यातून जे मत बनले ते इथे मांडते आहे. मैत्रिणींनी ते तपासून पाहावे.

सुलतानपूर हे लोणार तालुक्यातले गाव. मेहकरहून सिंदखेडराजा-जालन्याकडे जाणारा रस्ता इथून जातो, आणि लोणारचा फाटाही इथेच. आजूबाजूची शेती बहुतेक पावसावरची. सोयाबीन, तूर, कपाशी. ज्यांच्याकडे दोन-तीन एकर आहे किंवा तेवढेही नाही, त्यांच्या पोरांना गाडी हा मोठा आधार. त्याला जमीन लागत नाही, डिग्री लागत नाही. क्लीनर म्हणून चढायचे, हात बसला की लायसन्स काढायचे. आमच्या बैठकांना बौद्ध, मुस्लिम, मराठा, वंजारी अशा सगळ्या घरांतल्या बाया होत्या, आणि ड्रायव्हर सगळ्यांच्याच घरात होता.

गावातली गाडी म्हणजे टेम्पो, टिपर, ट्रॅक्टर. सोयाबीन बाजार समितीत पोचवायचे, विटा, गिट्टी, रेती टाकायची. माणूस रात्री घरी येतो. पण हंगाम सरला की खेपा कमी, आणि पावसाळ्यात गाडी उभी. लाइनची गाडी म्हणजे लांबच्या पल्ल्याला जाणारा मोठा ट्रक : न्हावा शेवा, सुरत, इंदूर, हैदराबाद, बंगळूर. पगार जास्त, वर खेपेगणिक भत्ता. झोपायचे केबिनमध्ये. गावात राहिले की पैसा हातात टिकत नाही. पाव्हणारावळा आहे, दोस्त आहेत, पान-तंबाखू आहे, उसने मागणारे आहेत. लाइनवर खर्चायला वेळच नसतो, म्हणून पैसा उरतो. पुरुषांचे म्हणणे हे असे आहे, आणि ते खोटे नाही.

मग एका बैठकीत आम्ही फळा घेतला आणि एका घराचा हिशेब मांडला. आकडे बायांनीच सांगितले, सोयीसाठी ते गोल केले. गावातल्या गाडीवर महिन्याला १२,००० रुपये येत. लाइनवर भत्ता धरून १९,००० येतात. म्हणजे ७,००० जास्त. आता दुसरी बाजू. तो बाहेर खातो, चहा पितो, आंघोळीला पैसे देतो, आणि भत्त्यात ते सगळे बसत नाही : २,००० रुपये. घरची फवारणी आणि पाणी देणे तो करायचा, त्याला आता मजूर लावावा लागतो : सरासरी १,०००. सासूला दवाखान्यात, पोरीला परीक्षेला तो मोटारसायकलवर न्यायचा, आता ऑटो करावा लागतो : ५००. एवढे लिहून झाल्यावर बाया थांबल्या. मी विचारले, आणि तुमची बुडालेली मजुरी? म्हैस, शेत, म्हातारी माणसे, शाळेची सभा, बँक हे सगळे एकटीवर आले म्हणून महिन्यातले सहा दिवस तिला दुसऱ्याच्या शेतावर जाता येत नव्हते. २५० रुपयांप्रमाणे १,५०० झाले. सातातून पाच गेले. उरले २,०००.

फळ्याकडे बघत एक आजीबाई म्हणाल्या, “म्हणजे त्याची बचत सुनेच्या हाजरीतून निघाली म्हनायची.”

हे वाक्य मला सगळ्या चर्चेचे सार वाटते. लाइनवर जाऊन साठणारा पैसा हा एकट्याच्या कष्टाचा नसतो. तो घरी राहणारीच्या बुडालेल्या हजेरीतून, वाढलेल्या कामातून आणि कमी झालेल्या झोपेतूनही येतो. शेतीच्या विजेची पाळी रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायला तीच बॅटरी घेऊन विहिरीवर जाते. एकीने सांगितले, पोरगा झोपेत असतो म्हणून ती शेजारणीला उठवून बरोबर नेते, आणि शेजारणीच्या पाळीला ही जाते. दोघींचे नवरे लाइनवर आहेत. हे श्रम कुणाच्या वहीत लिहिले जात नाहीत. म्हणून ‘मी कमावले, मी साठवले’ असे नवरा म्हणतो तेव्हा ते खोडून काढायला तिच्याकडे आकडा नसतो.

रस्ते सुधारले की माणूस लवकर घरी येईल, असे आपल्याला वाटले होते. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि नाक्यांवरच्या रांगा कमी झाल्या. २०२१ मध्ये टोलनाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला. आमच्याच जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. पण बायांचा अनुभव असा की वाचलेला वेळ घरी आला नाही. गाडी एक दिवस आधी रिकामी झाली की मालक दुसरे भाडे भरतो. क्लीनरही आता बऱ्याच गाड्यांवर नसतो. त्याचा पगार मालकाचा वाचला आणि त्याचे जागरण ड्रायव्हरवर आले. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम ठरवले होते, लांबच्या पल्ल्याला थोडी सवलत ठेवून. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तेच तास वाहतुकीच्या गाडीवरच्या सगळ्या ड्रायव्हरांना लावले. सुलतानपुरात मी ज्या ज्या बाईला विचारले, तिने आठ तास हा आकडा पहिल्यांदाच ऐकला होता.

इथे एक भाषेची गंमत सांगते. आमच्याकडे बाई नवऱ्याला ‘मालक’ म्हणते, आणि ट्रक ज्याचा तोही ‘मालक’. बैठकीत एकजण म्हणाली, “मालकानं हिशेब देला नाही.” दुसरीने विचारले, “कोन्या मालकानं?” सगळ्याजणी हसल्या. पण प्रश्न खरा आहे. ट्रकचा मालक खेपेनंतर हिशेब करतो तेव्हा उचल कापतो, फुटलेला टायर कापतो, कमी भरलेला माल कापतो, ऑनलाइन चलान कापतो, डिझेलचे अ‍ॅव्हरेज कमी बसले तर तेही कापतो. हे सगळे तोंडी किंवा त्याच्या वहीत. ड्रायव्हरच्या हातात कागद नाही. मग तो घरी येतो तेव्हा त्याच्याकडूनही बायकोला कागद मिळत नाही. एका मालकाने दुसऱ्याला हिशेब दिला नाही, आणि दुसऱ्याने तिला.

कागद नसण्याची खरी किंमत अपघात झाला की कळते. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर प्रवासी बस पेटून २५ जण गेले, त्या दिवसापासून आमच्या भागात रात्रीचा फोन वाजला की बायांच्या काळजात धस्स होते. जवळच्या एका गावातल्या बाईचा नवरा लाइनवर असताना परराज्यात गेला. तिला गाडीचा नंबर माहीत नव्हता. मालकाचे पूर्ण नाव माहीत नव्हते. विमा कोणत्या कंपनीचा ते माहीत नव्हते. दहाव्याच्या आत मालकाचा माणूस काही रोख रक्कम घेऊन आला आणि एका स्टॅम्प पेपरवर तिचा अंगठा घेऊन गेला. त्यावर काय लिहिले होते ते तिला कुणी वाचून दाखवले नाही. आमच्यापर्यंत ती आली तेव्हा वर्ष उलटले होते.

मैत्रिणींनो, कामावर असताना मेलेल्या किंवा जायबंदी झालेल्या कामगाराची भरपाई ही मालकाची मेहेरबानी नाही. १९२३ च्या कायद्यापासून तो हक्क आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो ठेवला आहे. मृत्यूच्या बाबतीत चूक ड्रायव्हरची होती का, हा प्रश्न या भरपाईच्या आड येत नाही. गाडीच्या सक्तीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरची ही जबाबदारी धरलेली असते. पण तो त्या गाडीवर पगारी होता, हे दाखवावे लागते. व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने कामगाराला नियुक्तिपत्र देणे सक्तीचे केले, हे चांगले झाले. मात्र ते दहा किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाला. जुन्या १९६१ च्या कायद्याला पाच पुरत होते. आमच्याकडचे मालक एक-दोन गाड्यांचे. त्यांच्यापर्यंत ही संहिता पोचतच नाही. अपघात दावा न्यायाधिकरणात जायचे असेल तर २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिला आव्हान दिले गेले आहे, तरी बाईने ती मुदत धरूनच चालावे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही बाईला, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो.

ड्रायव्हरच्या बायकोकडे शासनाने आणि आपण कधी पाहिले, याचाही विचार करायला हवा. १९९२ मध्ये देशाचा एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढची बरीच वर्षे हायवे, धाबा आणि ट्रकवाला हे त्याचे चित्र झाले. त्या कामाने जीव वाचले, हे मान्य. २००४ पासून सरकारी दवाखान्यांत औषध मोफत मिळू लागले. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणीला आणि भेदभावाला बंदी केली. बाईने स्वतःची तपासणी करून घ्यावी, निरोधचा आग्रह धरावा, हे आजही सांगायलाच हवे. पण या सगळ्यात ड्रायव्हर म्हणजे रोग आणणारा आणि त्याची बायको म्हणजे रोग होणारी, एवढीच ओळख उरली. नंतर ती दिसते ती विधवा म्हणून. या दोन्हींच्या मध्ये जी वीस-पंचवीस वर्षे ती घर, शेत आणि कर्ज चालवते, त्या बाईशी कुणी बोलले नाही.

आणि तिचे म्हणणे एकसारखे नसते. माझा सूर बैठकीत जरा नवऱ्यांच्या विरोधात लागला तेव्हा एकजण शांतपणे म्हणाली, “ताई, माया नवरा लाइनवर गेला अन् मले झोप लागाया लागली.” तो घरी असताना रोज पिऊन यायचा. आता महिन्यातून तीन दिवस येतो, पोरांना खाऊ आणतो आणि जातो. तिच्यासाठी लाइन हीच सुटका होती. दुसरी म्हणाली, नवरा गेल्यावर ती बँकेत जायला शिकली, फोनवरून पैसे पाठवायला शिकली. तिसरीचा अनुभव उलटा : नवरा रात्री व्हिडिओ कॉल करून ‘कॅमेरा फिरव, घरात कोण आहे दाखव’ म्हणतो, आणि दिवसा सासरा बाहेरच्या ओट्यावर बसून पाहरा देतो. म्हणून नवऱ्याला जाऊ द्या किंवा देऊ नका, असा एकच सल्ला सगळ्यांना देणे मला योग्य वाटत नाही. जाण्याच्या अटी कोण ठरवतो, यावर आपण बोलले पाहिजे.

यात कर्जाचा मुद्दा सर्वांत कठीण आहे. काही वर्षे लाइनवर काढली की प्रत्येक ड्रायव्हरला स्वतःची गाडी हवी असते. फायनान्सवाला गाडी देतो, पण आधी हातची रक्कम भरावी लागते. ती येते बायकोच्या गटातून आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जातून, कारण ते कर्ज बायकांनाच मिळते. गाडी त्याच्या नावावर, हप्ता तिच्या नावावर. भाडे मिळाले नाही, गाडी ओढून नेली, तरी वसुलीचा माणूस तिच्याच दारात बसतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाईल एवढे कर्ज देता येत नाही. हा नियम ड्रायव्हरच्या किती बायकांना कुणी सांगितला?

विदर्भातल्या बायांना ही मागणी नवी वाटू नये. चांदवडच्या १९८६ च्या अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, आणि गावोगावच्या नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. तिच्या श्रमाचे देणे आहे, हे त्यामागचे म्हणणे होते. जमीन नसलेल्या घरात आज गाडी, भत्ता आणि बँकेतली शिल्लक हीच जमीन आहे. तिथे तिचे नाव का नसावे?

त्या पहिल्या बैठकीत प्रश्न विचारणारीबरोबर बसून आम्ही चार अटी लिहिल्या. पहिली, बचतीचे खाते दोघांच्या नावे, आणि पगार रोख न घेता त्या खात्यात. दुसरी, लायसन्सची आणि गाडीच्या आरसी-विम्याची झेरॉक्स, मालकाचे पूर्ण नाव, पत्ता आणि फोन घरच्या पेटीत. प्रत्येक हिशेबाचा फोटो बायकोच्या फोनवर. तिसरी, बँकेतून दोन्ही विमे : वर्षाला २० रुपयांचा अपघाताचा आणि ४३६ रुपयांचा आयुष्याचा, प्रत्येकी दोन लाखांचे, वारस म्हणून तिचे नाव, ई-श्रम नोंदणीतही तिचेच नाव. चौथी, तिच्या नावावर काढलेल्या कर्जातून गाडी घ्यायची असेल तर गाडीत तिचा वाटा, लेखी.

पुरुष हे ऐकतील का, असे एका कार्यकर्तीने मला विचारले. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला हेच ड्रायव्हर अपघातानंतर पळून गेल्यास दहा वर्षे शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध गाड्या उभ्या करून बसले, आणि जुलै २०२४ मध्ये नवी संहिता लागू झाली तेव्हा ती तरतूद सरकारने बाजूला ठेवली. आपल्यावर अन्याय होतो आहे, आपल्याला न विचारता ठरवले गेले, हे त्यांना चांगले समजते. घरातल्या बाईचेही म्हणणे तेच आहे. ते त्यांच्यापुढे याच भाषेत मांडून बघायला काय हरकत आहे?

त्या बाईचा नवरा संक्रांतीनंतर लाइनवर गेला. दोघांच्या नावे खाते उघडले. कागदांच्या झेरॉक्स पेटीत आहेत. विमे काढले, पण एकावर वारस म्हणून त्याने भावाचे नाव घातले होते. ते बदलून घ्यायला ती स्वतः बँकेत गेली. चौथ्या अटीवर तो अजून ‘बघू’ म्हणतो. परवा तिने नव्या गटकर्जाच्या कागदावर सही करायला नकार दिला, त्यावरून फोनवर भांडण झाले, आणि सासूने दोन दिवस अबोला धरला. तिने सही केलेली नाही. आता तिच्या पाठीशी गट उभा राहतो की हप्त्याच्या काळजीने तिलाच ‘कर बाई सही’ म्हणतो, हे पुढच्या बैठकीत कळेल.

आपापल्या गावात ड्रायव्हरांच्या बायका शोधा. त्यांच्याबरोबर फळ्यावर हा हिशेब मांडून बघा, आणि काय निघाले ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा.